समुद्रकाठच्या गोल्फ कोर्सवर पहिली फेरी: बेटावर जाण्याआधी काय ठरवायचं, काय न्यायचं

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर सुट्टीला जायचं ठरलंय, तिथे समुद्राला लागून गोल्फ कोर्स आहे असं कळलंय आणि एकदा तरी तिथे खेळायचंच असं तुम्ही मनावर घेतलंय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हातात क्लब कधी धरलाच नसेल तर मात्र थोडं थांबा. सरावाच्या रेंजवर प्रशिक्षकाकडून पकड, उभं राहणं आणि स्विंग शिकून घ्या. सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या मधल्या क्लबने) बहुतेक चेंडू हवेत जाऊ लागले की मग या वाटेला या. त्याआधी गेलात तर समुद्र बघायचा राहील आणि सगळा वेळ चेंडू शोधण्यात जाईल.

मी असे कोर्स खेळलो आहे आणि पहिल्यांदाच आलेल्या अनेकांच्या गटात राहून खेळलो आहे. नवख्यांची फेरी बिघडते ती बहुधा पहिला फटका मारण्याआधीच. भर दुपारची वेळ घेतलेली असते, झेपणार नाही अशी लांबची टी (पहिला फटका मारायची जागा) निवडलेली असते, पुरेसं पाणी जवळ नसतं आणि चेंडू समुद्रात गेल्यावर काय करायचं ते माहीत नसतं. हे सगळं आधी ठरवून गेलात की तिथे दोनच कामं उरतात: चेंडू मारणं आणि समोरचं डोळे भरून बघणं.

१. कोर्स किती समुद्राला लागून आहे ते नकाशावर पाहा

जाहिरातीत दिसतो तो एकच होल (टीपासून झेंड्याच्या खळग्यापर्यंतचा एक टप्पा) असतो. अठरापैकी किती होल खरोखर किनाऱ्यावर आहेत हे कोर्सच्या नकाशावरून स्वतः मोजा. डॉमिनिकन रिपब्लिकमधला ‘टीथ ऑफ द डॉग’ हा पीट डाय यांनी आखलेला आणि १९७१ मध्ये सुरू झालेला कोर्स कॅरिबियनमधला सर्वांत नावाजलेला. तिथेही पाण्याला खेटून असलेले होल ७ आहेत: पाच ते आठ आणि पंधरा ते सतरा. बाकी सगळे आतल्या बाजूला. एवढं आधी माहीत असलं की पहिल्या चार होलांवर ‘समुद्र कुठे आहे’ म्हणून मन खट्टू होत नाही आणि पंधराव्यावर पोचेपर्यंत अंगात थोडी ताकद राखून ठेवता येते.

‘समुद्र दिसतो’ आणि ‘समुद्राला लागून’ या दोन वर्णनांत फार अंतर आहे. डोंगरउतारावरचे काही कोर्स दिसायला अप्रतिम असतात, पण लाट कधी जवळ येत नाही. मला स्वतःला लाटेचा आवाज ऐकू येणारा कोर्स जास्त आवडतो. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा.

मग तिथे कोणाला खेळू देतात ते विचारा. काही कोर्स फक्त त्यांच्याच हॉटेलात उतरलेल्यांसाठी असतात, काही सर्वांना खुले असतात पण हॉटेलच्या पाहुण्यांना आधी वेळ देतात. सगळंच महागड्या रिसॉर्टचं असतं असं समजू नका. हवाईतल्या कवाई बेटावरचा वाईलुआ हा तिथल्या काउंटीचा सार्वजनिक कोर्स आहे आणि तोही समुद्राकाठी.

पोचायचं कसं हेही याच टप्प्यावर बघा. मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्याजवळ इल ओ सेर नावाचं छोटं बेट आहे. तिथला बर्नहार्ड लँगर यांनी आखलेला कोर्स २००३ मध्ये सुरू झाला आणि तिथे होडीनेच जावं लागतं. अशा ठिकाणी होडीची वेळ चुकली की टी टाइमही (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) चुकला.

२. महिना निवडा, मग दिवसातली वेळ

आधी वादळांचा हंगाम. कॅरिबियनसह अटलांटिकमध्ये तो १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर सर्वांत जास्त. मॉरिशसच्या बाजूला, म्हणजे हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात जायचंच नाही असं नाही, पण आरक्षण रद्द करता येईल असंच घ्या.

मग वारा. व्यापारी वारे उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून वाहतात. बेटाच्या मधोमध डोंगर असेल तर वाऱ्याच्या बाजूचा किनारा हिरवा, पावसाळी आणि झोंबऱ्या वाऱ्याचा. मागची बाजू कोरडी आणि त्या मानाने शांत. पहिलीच फेरी असेल आणि दोन्ही बाजूंना कोर्स असतील तर डोंगराच्या आडचा घ्या.

आता दिवसाची वेळ. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: मिळेल तितक्या सकाळची वेळ घ्या. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येऊ लागतो. दहा-अकरानंतर तो जाणवतो आणि दुपारी जोरात असतो. डोंगराळ बेटांवर दुपारीच ढग जमतात आणि सरी कोसळतात. सकाळी सातला याच कोर्सवर हवा जवळजवळ स्थिर असते, गवतावर दव असतं आणि ऊन तिरकं असल्यामुळे किनाऱ्याचा प्रत्येक उंचवटा वेगळा दिसतो.

दुपारनंतर दर कमी असतात, त्याचा मोह होईल. तो दर घेण्याआधी सूर्यास्त कधी आहे ते बघा. विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. चार जणांच्या गटाला अठरा होल खेळायला चार ते साडेचार तास लागतात. दुपारी अडीचला सुरुवात केली तर शेवटचे होल अंधारात जातील, आणि समुद्राकाठचे होल शेवटी असतील तर नेमके तेच हुकतील. नऊच होल खेळायचे असतील तर मात्र उशिराची वेळ छान आहे. फक्त कोणते नऊ देणार ते विचारून घ्या.

३. आरक्षण करताना हे विचारा

ग्रीन फीमध्ये (खेळायच्या शुल्कात) कार्ट, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, धरलेली आहे का? कॅडी (क्लब उचलणारा मदतनीस) घ्यावाच लागतो का, आणि त्याचे पैसे वेगळे का? भाड्याचे क्लब, सरावाचे चेंडू, होडी यांचे काय? पाऊस किंवा वादळामुळे खेळ थांबला तर पैसे परत मिळतात की दुसऱ्या दिवशीची वेळ मिळते? किती तास आधीपर्यंत रद्द करता येतं? तुम्ही एकटे किंवा दोघे असाल तर अनोळखी लोकांबरोबर गट करतील का? बहुतेक ठिकाणी करतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्याच टीवर ‘मी नवीन आहे, माझी चाल थोडी सांभाळून घ्या’ असं सांगून टाका. अनुभवी खेळाडूंना हे सांगितलेलं आवडतं.

हँडिकॅप प्रमाणपत्राबद्दल स्वतंत्र विचारा. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका जास्त तितका खेळाडू नवखा. काही कोर्स ते मागतात आणि ठरावीक आकड्यापेक्षा जास्त हँडिकॅप असलेल्यांना गर्दीच्या वेळी घेत नाहीत. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू आहे आणि तीत कमाल हँडिकॅप इंडेक्स ५४.० आहे, म्हणजे अगदी नवख्यालाही तो मिळू शकतो. त्यासाठी एखाद्या क्लबाचं किंवा संघटनेचं सदस्यत्व आणि नोंदवलेले स्कोअर लागतात, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं मोजकीच आहेत:

– पासपोर्ट, आणि लागत असेल तर व्हिसा
– टी टाइमच्या आरक्षणाची पुष्टी, छापील किंवा फोनमध्ये उतरवून ठेवलेली. किनाऱ्यावर नेटवर्क असेलच असं नाही
– हँडिकॅप प्रमाणपत्र, मागत असतील तर
– वाहन परवाना. काही ठिकाणी कार्ट चालवायला मागतात
– प्रवास विमा. त्यात क्लबांचं नुकसान आणि तुमच्या चेंडूने दुसऱ्याला झालेली इजा धरलेली आहे का ते वाचून घ्या
– बँकेचं कार्ड. अनेक कोर्सवर रोख घेत नाहीत

सामानात कंजुषी करू नका. चेंडू किमान डझनभर, नवखे असाल तर दीड डझन. महाग चेंडू पहिल्या फेरीला नकोत. हातमोजे दोन-तीन, कारण घामाने पहिला मोजा सहाव्या होलपर्यंत ओला होतो आणि ओल्या मोज्यात क्लब फिरतो. दोन टॉवेल, एक घामासाठी आणि एक पकडी पुसायला. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, हलकं रेनकोट, डास-किड्यांचं मलम, ग्रीनवरची (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरची) खूण दुरुस्त करायचा काटा, तिथे चेंडूची जागा दाखवायचा मार्कर आणि फोन ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी. क्षार-साखरेच्या पुड्या दोन-चार टाका. नुसत्या पाण्याने चार तासांचा घाम भरून निघत नाही.

कपड्यांचा नियम वाचून जा. बहुतेक ठिकाणी कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही, बेतशीर शॉर्ट्स चालतात. समुद्रावरून थेट पोहण्याच्या कपड्यांत आलात तर आत घेणार नाहीत.

बूट घासून, माती पूर्ण काढून बॅगेत ठेवा. बाहेरच्या मातीतून किडी आणि रोग येऊ नयेत म्हणून अनेक बेटांवर विमानतळावर फार कडक तपासणी असते. चिखल लागलेले बूट आणि क्लब अडकवून ठेवतात. बेटावर उतरताना भरायच्या अर्जात विचारलं असेल तर गोल्फचे बूट आणलेत हे लिहा.

५. क्लब न्यायचे की भाड्याने घ्यायचे

एक किंवा दोन फेऱ्यांसाठी जात असाल तर माझं मत सरळ आहे: भाड्याने घ्या. फक्त आधी कळवून ठेवा. डावखुरे असाल, उंची फार कमी किंवा जास्त असेल, किंवा लवचिक शाफ्ट (क्लबाचा दांडा) लागत असेल तर ऐन वेळी मिळणार नाही. पोचल्यावर रेंजवर त्याच सेटने पंधरा-वीस चेंडू मारून बघा.

स्वतःचे न्यायचे असतील तर ड्रायव्हर या सर्वांत लांब मारायच्या क्लबाचं डोकं काढून टॉवेलात गुंडाळा. बॅगेत सर्वांत लांब क्लबापेक्षा उंच अशी आधाराची काठी घाला, म्हणजे बॅग उलटी आपटली तरी भार काठीवर येतो. क्लब विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. याउलट अंतर मोजायच्या यंत्राच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच ठेवाव्या लागतात, चेक-इन सामानात टाकू नका. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब असू नयेत हा नियम आहेच, पण नवख्याने नऊ-दहा घेतले तरी भरपूर.

६. टी निवडणं

इथे अहंकार बाजूला ठेवायचा. मागची टी फोटोत भव्य दिसते, पण समुद्रावरून मारायचं अंतर तिथून दुपटीच्या घरात जातं. अमेरिकेत २०११ मध्ये ‘टी इट फॉरवर्ड’ नावाची, पुढच्या टीवरून खेळा असं सांगणारी मोहीम सुरू झाली. तिच्या कोष्टकानुसार ड्रायव्हरने सरासरी २०० यार्ड जाणाऱ्याने ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स खेळावा, २२५ यार्डवाल्याने ५,८०० ते ६,००० यार्डांचा. सरासरी म्हणजे वर्षातला सर्वांत चांगला फटका नव्हे, रोजचा फटका.

स्कोअरकार्डवर अंतर यार्डांत आहे की मीटरमध्ये हे पहिल्याच टीवर बघा. काही देशांत मीटर वापरतात. १५० मीटर म्हणजे जवळपास १६४ यार्ड, म्हणजे पूर्ण एका क्लबापेक्षाही जास्त फरक. यार्डाच्या हिशेबाने मारलेला चेंडू मग ग्रीनपर्यंत पोचतच नाही, आणि का ते कळतही नाही.

७. वारा वाचायला शिका

समुद्रकाठच्या गोल्फचं मर्म इथे आहे, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवतो.

समोरून येणारा वारा जितकं अंतर खातो तितकं पाठीमागचा वारा देत नाही. खेळाडूंमध्ये ढोबळ हिशेब असा: ताशी १६ किलोमीटरचा वारा समोरून असेल तर अंतर दहा टक्के वाढलंय असं धरा, पाठून असेल तर पाच टक्के कमी. १५० यार्डांचा फटका समोरच्या वाऱ्यात १६५ चा होतो, पाठच्या वाऱ्यात १४२ च्या आसपास. बाजूचा वारा असेल तर लक्ष्य वाऱ्याकडे सरकवा आणि चेंडूला वाऱ्यावर परत येऊ द्या. नवख्याने चेंडू वळवून वाऱ्याशी झुंज घेऊ नये.

समोरच्या वाऱ्यात सगळ्यांचा हात आपोआप जोरात चालतो आणि तिथेच फसगत होते. जोरात मारलं की चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो, हवेत थांबल्यासारखा होतो आणि पुढे पडायचा तो जवळच पडतो. उपाय असा: एक किंवा दोन क्लब मोठा घ्या, पकड थोडी खाली धरा, चेंडू उजव्या पायाकडे बोटभर सरकवा (डावखुऱ्यांनी डाव्या) आणि तीन-चतुर्थांश स्विंग करा. रेंजवर हाच एक फटका घटवून गेलात तरी पुरे.

वारा कुठून येतोय हे टीवर गवत उडवून बघाल, पण टी अनेकदा झाडांच्या आडोशाला असते. वर माडांच्या शेंड्यांकडे, ग्रीनवरच्या झेंड्याकडे आणि समुद्राच्या पृष्ठभागाकडे बघा. पाण्यावर पांढरे फेस तुटताना दिसत असतील तर वारा तुम्हाला वाटतोय त्याहून जोरात आहे.

वारा पाठीशी असतो तेव्हा त्याचा आनंदही घ्या. हवाईतल्या माउई बेटावरच्या कापालुआ प्लँटेशन कोर्सचा अठरावा होल ६५० यार्डांहून लांब आहे, पण उतार आणि व्यापारी वारा दोन्ही मदतीला असल्यामुळे व्यावसायिक खेळाडू तिथे दोन फटक्यांत ग्रीनवर पोचतात. १९९१ मध्ये उघडलेला हा कोर्स बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी वाऱ्याचा विचार करूनच आखला.

आणि एक समज काढून टाका. दमट हवा ‘जड’ असते, तिच्यात चेंडू कमी जातो, असं अनेक जण सांगतील. पाण्याची वाफ नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. फरक इतका लहान आहे की क्लब निवडताना त्याचा विचारच नको.

८. पाण्यावरून मारायचा फटका

हवाईतल्या मौना केआ कोर्सचा तिसरा होल बघा. रॉबर्ट ट्रेंट जोन्स सीनियर यांनी १९६४ मध्ये लाव्हाच्या खडकांवर उभा केलेला हा कोर्स, आणि या होलवर टीपासून ग्रीनपर्यंत मधे समुद्राचं पाणी. सर्वांत मागच्या टीवरून ते अंतर २५० यार्डांहून जास्त आहे. पुढच्या टीवरून तोच होल कितीतरी लहान होतो, आणि देखावा जवळजवळ तोच राहतो.

अशा फटक्याआधी एकच प्रश्न: पाणी पार करायला किमान किती अंतर लागतं, आणि त्यापेक्षा पंधरा-वीस यार्ड जास्त जाणारा माझा रोजचा क्लब कोणता? असा क्लब असेल तर तो घ्या, ग्रीनच्या मध्याकडे बघा, झेंडा कुठेही असो. नसेल तर बाजूने फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) मारा. बाजूलाही जागा नसेल तर गटाला सांगून ड्रॉप झोनमधून (पाण्यापलीकडे चेंडू हातातून टाकून खेळायला आखलेल्या जागेतून) खेळा. यात कमीपणा मुळीच नाही.

हौस म्हणून मुद्दाम समुद्रात चेंडू मारू नका. कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या परिसरातल्या समुद्रतळावरून ५०,००० हून जास्त चेंडू बुडी मारणाऱ्यांनी बाहेर काढले. त्याबद्दलचं संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. चेंडूचं आवरण झिजत जातं, आतलं रबर आणि रसायनं पाण्यात मिसळतात. प्रवाळ असलेल्या समुद्राला याची किंमत जास्त मोजावी लागते.

९. चेंडू पाण्यात, खडकात किंवा बिळात गेला तर

खेळाचे नियम २०१९ मध्ये बरेच सोपे झाले. तुम्हाला लागतील तेवढेच सांगतो.

समुद्र आणि त्याचा खडकाळ काठ बहुतेक ठिकाणी लाल खुणांचं दंडक्षेत्र (चेंडू गेला तर दंड घेऊन बाहेर येता येतं अशी जागा) असतं. चेंडू तिथे गेला तर एक फटका दंड घेऊन तीन पर्याय: जिथून मारला तिथून पुन्हा मारा, चेंडूने हद्द ओलांडली तो बिंदू आणि झेंडा यांच्या रेषेत मागे जाऊन ड्रॉप करा, किंवा त्या बिंदूपासून दोन क्लबांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, बाजूला ड्रॉप करा. पिवळ्या खुणा असतील तर शेवटचा पर्याय नाही. चेंडू दंडक्षेत्रात पडलाय पण मारता येण्यासारखा आहे, तर दंडाशिवाय तसाच मारता येतो आणि क्लब जमिनीला टेकवलेलाही चालतो.

काही कोर्सवर वाळूचा किनारा हद्दीबाहेर धरतात आणि तिथे पांढरे खांब असतात. मग एकच मार्ग: एक फटका दंड आणि पुन्हा मूळ जागेवरून. म्हणून स्कोअरकार्डच्या मागचे स्थानिक नियम पहिल्या टीवरच वाचा.

चेंडू समुद्रातच गेलाय हे नक्की असेल तर ‘तात्पुरता’ म्हणून दुसरा चेंडू मारू नका. तो मारला की तोच खेळातला चेंडू ठरतो आणि ड्रॉपचे बाकीचे पर्याय संपतात. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) प्रवाळाचे तुकडे, दगड, माडाच्या झावळ्या सापडतील. हे सगळं सुटं असेल तर हलवता येतं, फक्त चेंडू हलू देऊ नका. हलला तर एक फटका दंड. खेकड्याच्या बिळात चेंडू अडकला आणि ते बीळ दंडक्षेत्रात नसेल तर दंडाशिवाय सुटका मिळते. किनाऱ्याजवळच्या होलांवर हे वारंवार होतं, आणि माहीत नसल्यामुळे लोक फुकट दंड घेतात.

आणि चेंडूसाठी खडकांवर उतरू नका. ओला प्रवाळ ब्लेडसारखा कापतो आणि मोठी लाट सांगून येत नाही.

१०. गवत आणि ग्रीन

खाऱ्या हवेत आणि मचूळ पाण्यावर टिकणारं सीशोअर पास्पालम हे गवत अशा कोर्सवर आता सर्रास दिसतं. गडद हिरवं, मऊ आणि दाट. फेअरवेवर चेंडू त्याच्यावर उचलून धरल्यासारखा बसतो, त्यामुळे आयर्न मारायला सोपं जातं. रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) मात्र तेच गवत क्लबाला विळखा घालतं. तिथे लांबचा क्लब नको, वेज (चेंडू उंच उडवणारा छोटा क्लब) काढा आणि बाहेर या.

बर्मुडा गवताच्या ग्रीनवर पाती एका दिशेला झुकलेली असतात आणि चेंडू तिकडे ओढला जातो. ग्रीन चमकदार दिसत असेल तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत, पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) वेगाने जाईल. मंद आणि गडद दिसत असेल तर पाती तुमच्याकडे आहेत, थोडा जोर द्या.

कॅडी सांगेल की पट समुद्राकडे वळतो. त्याचं ऐका. सगळी जमीनच डोंगराकडून समुद्राकडे उतरत असते, आणि क्षितिजाची सरळ रेषा समोर असल्यामुळे तो उतार डोळ्यांना सपाट वाटतो. शंका असेल तर ग्रीनवर चढताना पाय काय सांगतात ते लक्षात ठेवा.

११. ऊन, वीज, झाडं, प्राणी

उष्ण कटिबंधात दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जाणं नेहमीचं आहे. ती जागतिक मापातली सर्वांत वरची पायरी. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन मलम निघायच्या अर्धा तास आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा, कान आणि मानेची मागची बाजू न विसरता. झिंक ऑक्साइडचं मलम घ्या. प्रवाळाला अपाय होतो म्हणून हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली मलमं सर्रास विकायला बंदी आहे, पॅसिफिकमधल्या पलाऊ देशात २०२० पासून. मलम लावलेले हात पुसल्याशिवाय क्लब धरू नका.

गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा, भोंगा वाजायची वाट बघू नका. नियमही तुम्हाला ती मुभा देतात. एकट्या झाडाखाली किंवा उघड्या कार्टमध्ये थांबू नका, पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर येऊ नका.

कार्ट माडाखाली उभी करू नका. कॅरिबियनमध्ये किनाऱ्यालगत मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येणारं. त्याचा चीक कातडी भाजतो, फळ विषारी असतं, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. खूण केलेल्या झाडांपासून लांब राहा आणि अनोळखी फळाला हात लावू नका.

किनाऱ्यावर कासव विसावलेलं दिसेल, हवाईत नेने नावाचे बदक-हंसासारखे संरक्षित पक्षी फेअरवेवर चरताना दिसतील. त्यांना वाट द्या, खायला घालू नका. वाळूच्या टेकड्यांवर दोरी लावलेली असेल तर आतला चेंडू तिथेच राहू द्या.

१२. फोटो आणि चाल

समुद्रकाठच्या होलांवर सगळेच थांबतात आणि मागे गट साचतात. फोटो काढा, जरूर काढा, पण इतर जण मारायला जात असताना बाजूला राहून. तुमची पाळी आली की क्लब हातात तयार असावा. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारलं तरी चालतं. एखाद्या होलवर पारच्या (त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांच्या) दुप्पट फटके झाले की चेंडू उचला, पुढच्या टीवर चला. वाचलेली ती पाच मिनिटं समुद्राकडे बघण्यात घालवा. पावसानंतर कार्ट फक्त रस्त्यावरच ठेवायला सांगतात, तेव्हा चेंडूकडे जाताना दोन-तीन क्लब बरोबर न्या, नाहीतर सारख्या येरझाऱ्या होतात.

१३. फेरी संपल्यावर

खारी हवा लोखंडाला लगेच खाते. त्याच दिवशी क्लबांची डोकी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसा, विशेषतः मुलामा नसलेले वेज. एका रात्रीत त्यांच्यावर गंजाचे डाग उठतात. बॅगेच्या चेन आणि बुटांचे खिळेही पुसा. ओले हातमोजे उन्हात टाकू नका, कडक होतात. सावलीत पसरून वाळवा. दुसऱ्या दिवशी विमान असेल तर बूट आजच घासून ठेवा, कारण परतीच्या विमानतळावरही माती तपासू शकतात.